नव्याचा रोजा : एका खुनासाठी धरलेला उपवास

(हे आपल्या पॉडकास्टच्या या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना झालेले "म्हणजे", "तर", "बरं का" यांतले निम्मे काढलेत. उरलेले तसेच ठेवलेत, नाहीतर तो मी वाटणार नाही.)

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, भांडी घासत असाल, जिथे असाल तिथे इअरफोन नीट लावा. आज मी तुम्हाला एका खुनाची गोष्ट सांगणार आहे. साधारण 2600 वर्षांपूर्वीचा खून. खुनी कोण, हे पहिल्या मिनिटापासून माहीत आहे. कट कोणी रचला तेही माहीत आहे. एवढंच काय, ज्याचा खून झाला त्यालाही आधी सांगितलं होतं की हे होणार आहे. आणि तरी खून झाला. त्या खुनासाठी जगभरातले ज्यू लोक आजही वर्षातून एक दिवस अन्नपाणी सोडतात.

त्या उपवासाचं हिब्रू नाव 'सोम गदल्या'. सोम म्हणजे उपवास. गदल्या हे माणसाचं नाव. पण मला हे नाव खूप उशिरा कळलं. मला आधी माहीत होतं ते त्याचं मराठी नाव. हो, त्याला मराठी नाव आहे : 'नव्याचा रोजा'.

खालच्या मजल्यावरच्या आजी

मी ठाण्यात वाढलो. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. नऊवारी नाही, पण सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा आणि अस्सल अलिबागकडची मराठी. आम्ही क्रिकेट खेळून आलो की पाणी मागायला त्यांच्याकडे जायचो, कारण त्यांचं दार कायम उघडं असायचं. एकदा, मी सातवी-आठवीत असेन, असाच गेलो. त्यांनी मला पाणी दिलं आणि सरबतही केलं. मी म्हटलं, "आजी, तुम्ही नाही घेत?" त्या म्हणाल्या, "आज रोजा आहे रे माझा. नव्याचा."

मी गोंधळलो. रोजा म्हणजे मुसलमान, एवढंच आमचं ज्ञान. पण आजींच्या दाराच्या चौकटीला ती छोटी तिरकी डबी होती, आणि शनिवारी त्यांच्याकडे गॅस पेटत नसे. मी घरी येऊन विचारलं तेव्हा आई म्हणाली, "अरे, त्या बेने इस्राएल आहेत. ज्यू." मग दुसऱ्या दिवशी मी आजींनाच विचारलं, हा उपवास कोणत्या देवाचा? त्या हसल्या. म्हणाल्या, "देव एकच, त्याचा वेगळा कसला उपवास? हा एका माणसासाठी. चांगला माणूस होता. आपल्याच माणसांनी मारला."

ते "आपल्याच माणसांनी" माझ्या डोक्यात राहिलं. आज त्याबद्दलच बोलायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : बेने इस्राएल हे कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू. रायगड जिल्ह्यातल्या गावांवरून आडनावं : केहिमकर, पेणकर, रोहेकर. जुना धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ 1796 मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी बांधलं. लोक त्यांना सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखत. 1948 नंतर यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, पण ठाण्यात, मुंबईत, अलिबागच्या बाजूला अजूनही घरं आहेत.

या लोकांनी आपल्या सणांना मराठी नावं दिली. ज्यूंचं नवं वर्ष म्हणजे रोश हशाना, त्याला 'नव्याचा सण'. मग 'खिरीचा सण'. योम किप्पूर, म्हणजे पापांची क्षमा मागायचा मोठा उपवास, त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, म्हणून 'दारफाळणीचा सण'. पुरीम साधारण आपल्या शिमग्याच्या सुमाराला येतो, म्हणून 'होळीचा सण'. ही नावं समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नोंदवून ठेवली आहेत. आणि नव्याच्या सणानंतर लगेच येणारा उपवास, तो 'नव्याचा रोजा'. एक शब्द मराठी, एक फारसी, आणि उपवास ज्यू. कोकणात कोण कोणाच्या शेजारी राहत होतं, हे या दोन शब्दांतच कळतं.

आधी एक शहर जळालं

आता गोष्टीकडे. ही गोष्ट ज्यूंच्या धर्मग्रंथात दोन ठिकाणी येते. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी अगदी त्रोटक, आणि यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, चाळीसाव्या प्रकरणापासून पुढे, तपशिलात.

इसवी सनापूर्वी 586. काही अभ्यासक 587 म्हणतात. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यरुशलेमला वेढा घालतो. शहर पडतं. ज्यूंचं मंदिर जाळलं जातं. राजा, दरबारी, कारागीर, जे जे कामाचे आहेत ते सगळे कैद करून बाबेलला नेले जातात. मागे कोण राहतं? गरीब लोक. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, घर नव्हतं असे. त्यांना द्राक्षमळे आणि शेतं दिली जातात, की कसा आणि खा.

या उरलेल्या लोकांवर देखरेख करायला बाबेलचा राजा एक स्थानिक माणूस नेमतो. तो गदल्या, अहीकामचा मुलगा. घराणं नाव असलेलं. आजोबा शाफान राजाचे चिटणीस होते. वडील अहीकाम यांनी एकदा यिर्मया संदेष्ट्याचा जीव वाचवला होता, लोक त्याला मारायला निघाले होते तेव्हा. म्हणजे राजवंशातला नाही, पण लिहिण्यावाचण्याच्या आणि कारभाराच्या घरातला.

गदल्या मिस्पा नावाच्या गावी बसून कारभार सुरू करतो. यरुशलेमच्या उत्तरेला साधारण 12 किलोमीटरवर तेल एन-नस्बे नावाचं टेकाड आहे, तेच मिस्पा असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे 1926 ते 1935 उत्खनन झालं. 1932 मध्ये तिथल्या एका थडग्यात एक छोटा शिक्का सापडला. त्यावर लढाऊ कोंबडा कोरलेला आणि खाली नाव : याजन्या, राजाचा सेवक. गदल्याकडे जे सरदार आले त्यांच्या यादीत याजन्या नावाचा एक आहेच. तोच हा, असं सिद्ध करता येत नाही. पण नाव तेच आणि काळही जवळपास जुळणारा, म्हणून अंगावर जरा काटा येतो.

तर सरदार येतात. हे लोक युद्धाच्या वेळी रानात लपलेले होते. गदल्या त्यांना जे सांगतो त्याचा मथितार्थ असा : घाबरू नका. बाबेलच्या लोकांशी बोलणं माझ्यावर सोडा. तुम्ही द्राक्षं काढा, फळं काढा, तेल भरून ठेवा, आपापल्या गावात राहा.

आणि लोक परत यायला लागतात. मवाब, अम्मोन, अदोम अशा आजूबाजूच्या मुलखांत पळालेले निर्वासित ऐकतात की तिकडे कोणीतरी घडी बसवतोय, आणि परततात. त्या हंगामात द्राक्षं आणि फळं भरपूर निघाली असं ग्रंथात मुद्दाम सांगितलंय. विचार करा, मंदिर जळून फार दिवस झाले नाहीत, राजा नाही, सैन्य नाही, आणि लोक फळं वाळवत बसलेत. हरलेल्या माणसांनी परत संसार मांडलाय.

"तू खोटं बोलतोस"

या सरदारांत एक होता इश्माएल, नथन्याचा मुलगा. तो राजघराण्यातला. त्याच्या दृष्टीने गदल्या म्हणजे शत्रूच्या राजाने बसवलेला माणूस. शिवाय पलीकडच्या अम्मोनचा राजा बालीस याने त्याला फूस लावलेली.

दुसरा एक सरदार, योहानान, कारेहचा मुलगा. त्याला हे कळतं. तो बाकीच्या सरदारांना घेऊन गदल्याकडे जातो आणि स्पष्ट सांगतो : इश्माएलला तुला मारायला पाठवलंय. गदल्या विश्वास ठेवत नाही. मग योहानान एकटा, गुपचूप येतो. म्हणतो, मला परवानगी दे, मी त्याला संपवतो, कोणाला कळणार नाही. तू गेलास तर हे सगळे लोक पुन्हा उधळतील.

गदल्या म्हणतो, नाही. असं काही करू नकोस. तू इश्माएलबद्दल खोटं बोलतोयस.

सातव्या महिन्यात इश्माएल 10 माणसं घेऊन मिस्पाला येतो. गदल्या त्यांना जेवायला बसवतो. एकत्र जेवतात. आणि जेवताना इश्माएल उठतो आणि गदल्याला तलवारीने मारतो. त्याच्याबरोबर तिथे असलेल्या ज्यूंना आणि बाबेलच्या सैनिकांनाही मारतो.

गोष्ट इथे संपत नाही. पुढचा भाग जास्त भयानक आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी, अजून कोणाला काही कळलेलं नसताना, उत्तरेकडून 80 माणसं येतात. शखेम, शिलो, शोमरोन इथली. दाढ्या काढलेल्या, कपडे फाडलेले, म्हणजे सुतकात असलेली. हातात धान्य आणि ऊद. जळालेल्या मंदिराच्या जागी वाहायला निघालेले यात्रेकरू. इश्माएल रडत रडत त्यांच्यासमोर जातो, म्हणतो चला, गदल्याकडे चला. गावात आणतो आणि मारतो. सत्तर माणसं. दहा जण म्हणतात, आम्हाला मारू नका, आमच्याकडे शेतात गहू, जव, तेल, मध लपवलेलं आहे. त्या दहांना तो सोडतो. बाकीची प्रेतं एका मोठ्या टाक्यात टाकतो. ते टाकं पूर्वी आसा राजाने खोदलेलं, शत्रूच्या हल्ल्याच्या भीतीने. संरक्षणासाठी खोदलेलं टाकं आपल्याच माणसांच्या प्रेतांनी भरलं.

योहानान पाठलाग करतो, पळवून नेलेले लोक सोडवतो, पण इश्माएल आठ माणसांसह अम्मोनला निसटतो. मग उरलेल्यांना धसका बसतो : बाबेलचा राजा आता सूड घेणार. यिर्मया म्हणतो, जाऊ नका, इथेच राहा. ते ऐकत नाहीत. सगळे मिसरला, म्हणजे इजिप्तला निघून जातात, यिर्मयालाही बरोबर घेऊन.

आता लक्षात घ्या काय झालं. मंदिर बाबेलने जाळलं. शहर बाबेलने पाडलं. पण त्यानंतरही तिथे ज्यू लोक होते, शेती होती, थोडासा स्वतःचा कारभार होता. ते शेवटचं उरलेलं जे होतं ते बाबेलने संपवलं नाही, घरातल्याच माणसाने संपवलं. आजी म्हणायच्या ते हेच.

उपवास कसा करतात

ज्यू कॅलेंडरमध्ये तिश्री महिन्याच्या 1 आणि 2 तारखेला नवं वर्ष, आणि 3 तारखेला हा उपवास. ग्रंथात "सातवा महिना" एवढंच आहे. काही जुने भाष्यकार म्हणतात की खून खरं तर नव्या वर्षाच्या दिवशीच झाला, पण सणाला उपवास करत नाहीत म्हणून तो पुढे ढकलला. 3 तारीख शनिवारी आली तर उपवास रविवारी करतात, कारण शब्बाथला असा उपवास चालत नाही. 2024 मध्ये तसंच झालं होतं, 6 ऑक्टोबरच्या रविवारी. 2025 मध्ये 25 सप्टेंबर. आणि 2026 मध्ये येतोय 14 सप्टेंबरला, सोमवारी. त्या दिवशी आपल्याकडे काय आहे? गणेश चतुर्थी!

हा पूर्ण योगायोगही नाही. ज्यू महिनासुद्धा चंद्रावर चालतो, अमावास्येच्या आसपास सुरू होतो, आणि ऋतू चुकू नयेत म्हणून तेही अधिक महिना घालतात, 19 वर्षांत सात वेळा. म्हणून तिश्रीची 3 तारीख म्हणजे बहुधा आपल्या भाद्रपदातली किंवा आश्विनातली तृतीया-चतुर्थी. घरात आजीचं पंचांग असेल तर ताडून बघा.

आता "छोटा उपवास" म्हणजे काय? ज्यूंचे दोन उपवास मोठे. योम किप्पूर आणि आव महिन्याच्या 9 तारखेचा, मंदिर पडल्याचा. ते संध्याकाळी सुरू होतात आणि जवळजवळ 25 तास चालतात. त्यांत अंघोळ नाही, चामड्याच्या चपला नाहीत, बरीच बंधनं. छोटे उपवास पहाटे उजाडायला सुरुवात होते तेव्हापासून रात्री चांदण्या दिसेपर्यंत. आपल्याकडे त्या दिवसांत साधारण साडेतेरा तास. अंघोळ करा, चपला घाला, ऑफिसला जा, चालतं. फक्त खायचं नाही आणि प्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. म्हणजे साबुदाण्याची खिचडी वगैरे विसरा! पहाटेच्या आधी उठून खाता येतं, पण मी उठून खाणार आहे असं झोपतानाच मनाशी ठरवलेलं असावं, असा नियम सांगतात.

आजारी माणसाने हा उपवास करायचा नाही. गरोदर बायका आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांनाही छोट्या उपवासांत सूट देतात. मुलांना मुलगा असेल तर 13 आणि मुलगी असेल तर 12 वर्षं पूर्ण होईपर्यंत बंधन नाही.

प्रार्थनेतही त्या दिवशी फरक असतो. पहाटे क्षमायाचनेच्या प्रार्थना होतात. आमचं ऐक, उत्तर दे, अशा अर्थाची एक खास प्रार्थना जोडतात. आणि मोशेच्या पुस्तकातला एक ठरलेला भाग वाचतात. तो आहे सोन्याच्या वासरानंतरचा. लोकांनी मोठी चूक केलेली आहे, देव चिडलाय, आणि मोशे लोकांसाठी रदबदली करतोय. मग देवाच्या दयेचे तेरा गुण येतात, ते सगळे जण मोठ्याने म्हणतात.

हे सगळं नवं वर्ष आणि योम किप्पूर यांच्या मधल्या दहा दिवसांत. या दिवसांत माणसाने वर्षभराचा हिशोब करायचा असतो : कोणाला दुखावलं, कोणाची माफी मागायची राहिली. सणाचं गोडधोड खाऊन झालेलं असतं, आणि लगेच तिसऱ्या दिवशी आठवण : आपल्या माणसाने आपल्या माणसाला जेवताना मारलं होतं.

एका माणसासाठी एवढं?

हा प्रश्न मलाही पडला. यरुशलेमच्या विनाशाशी जोडलेले चार उपवास आहेत. वेढा पडला तो दिवस, तेवेत महिन्याची 10 तारीख. शहराची भिंत फुटली तो, तम्मूजची 17. मंदिर जळालं तो, आवची 9. आणि चौथा हा. पहिले तीन म्हणजे वेढा, भिंत, मंदिर. आणि त्यांच्या रांगेत एका कारभाऱ्याचा खून?

तल्मूद म्हणजे ज्यू पंडितांच्या चर्चांचा मोठा ग्रंथ. त्यात हाच प्रश्न घेतलाय. उत्तराचा अर्थ असा, की सज्जन माणसाचा मृत्यू हा देवाचं घर जळण्याइतकाच मोठा आहे, हे यातून शिकायचं. मला हे फार भारी वाटलं. दगडामातीच्या सगळ्यात पवित्र वास्तूच्या तराजूत दुसऱ्या पारड्यात एक माणूस ठेवलाय.

आणि उपवास करून भागलं का? तर नाही. खुनानंतर साधारण सत्तर वर्षांनी, बाबेलहून लोक परत आलेले, नवं मंदिर बांधायला घेतलेलं. इसवी सनापूर्वी 518 च्या सुमाराला काही लोक जखऱ्या संदेष्ट्याच्या काळात येऊन विचारतात : आता मंदिर होतंय, मग मंदिर जळाल्याचा शोक अजून करत राहायचा का? साधा, व्यवहारी प्रश्न. जखऱ्याचं उत्तर त्या पाचव्या महिन्यातल्या उपवासाबरोबर सातव्या महिन्यातल्या या उपवासाचंही नाव घेतं, आणि त्याचा अर्थ असा : तुम्ही उपवास केलात तो माझ्यासाठी केलात का? न्यायाने वागा, दया करा, विधवेला, पोरक्याला, परक्याला, गरिबाला छळू नका. मग पुढे तो म्हणतो की हे चारही उपवास एक दिवस आनंदाचे सण होतील, तेवढं सत्य आणि शांती यांच्यावर प्रेम करा.

तल्मूदमध्ये यावरून नियमच काढलाय : शांततेचा काळ असेल तर हे दिवस आनंदाचे. छळाचा काळ असेल तर उपवास. आणि दोन्ही नसेल तर लोकांनी ठरवावं. पुढे लोकांनी ठरवलं की करायचा, आणि ती रीत पडली. म्हणजे हा उपवास टिकला तो लोकांनी आपल्याला आठवण हवी असं ठरवलं म्हणून.

इस्राएलमध्ये 4 नोव्हेंबर 1995 ला पंतप्रधान यित्झाक रबिन यांचा खून झाला. तेल अवीवमध्ये, शांततेसाठी भरलेल्या सभेनंतर. मारणारा ज्यूच होता. त्यानंतर तिथे अनेकांना हा जुना उपवास नव्याने आठवला. राजकीय मतभेदावरून आपल्या माणसाला मारायचं, याचं मोठं उदाहरण त्यांच्या कॅलेंडरमध्ये अडीच हजार वर्षं बसलेलं होतंच.

गदल्या चुकला का?

आता मला सगळ्यात जास्त छळणारा भाग. गदल्याला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही.

ज्यू परंपरेत दुसऱ्याची निंदा करणं आणि ती ऐकून खरी मानणं, दोन्ही मोठं पाप. म्हणजे गदल्याने धर्मच पाळला, नाही का? चाडी ऐकली नाही. पण तल्मूदमध्ये पंडित म्हणतात, थांबा. ग्रंथात त्या टाक्याबद्दल लिहिताना वाक्यरचना अशी आहे की ती प्रेतं जणू गदल्याच्या हाताने पडली. का? तर त्याने सावधगिरी घेतली नाही म्हणून. मग ते नियम सांगतात : निंदा खरी मानू नये, पण काळजी मात्र घ्यावी.

हे दोन वेगवेगळे भाग आहेत, आणि आपण त्यांची कायम सरमिसळ करतो. गदल्यापुढे दोनच रस्ते नव्हते. योहानान म्हणत होता तसं इश्माएलला गुपचूप मारून टाकणं, हे चूकच झालं असतं. नुसत्या संशयावर खून. पण त्याला जेवायला बोलावताना दाराशी चार माणसं उभी करता आली असती. तलवारी बाहेर ठेवा म्हणता आलं असतं. त्यात इश्माएलचा अपमान फारसा नव्हता, आणि कदाचित सत्तर यात्रेकरू घरी परत गेले असते.

मी हे का सांगतोय, तर माझं एक प्रकरण आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही 11 जण एका मोठ्या ट्रेकचे पैसे जमवत होतो. ग्रुपचा म्होरक्या मी. पैसे एका मित्राकडे. एक मैत्रीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याच्याकडे ठेवू नकोस. त्याने आधीही असं केलंय." मी तिला काय म्हटलं माहितीये? "तुला तो आवडत नाही म्हणून असं पसरवू नकोस." एकदम सज्जनपणाचा आव आणला. मला वाटलं मी मित्राची बाजू घेतोय, मी किती मोठ्या मनाचा.

पैसे गेले. तो फोन उचलेना. मी दोन पगार घालून सगळ्यांचे फेडले. ते ठीक आहे, पैसे परत मिळवता येतात. पण ती मैत्रीण माझ्याशी पुन्हा तशी बोलली नाही. मी तिला सगळ्यांसमोर खोटारडी ठरवलं होतं. योहानानसारखी ती माझं भलं बघत होती, आणि मी तिलाच म्हटलं, तू खोटं बोलतेस. तिचं ऐकून त्या मित्राला चोर ठरवायची गरजच नव्हती. पैसे दोघांच्या जॉइंट खात्यात ठेवायचे, बस. त्यालाही वाईट वाटलं नसतं.

तुमच्या फॅमिली ग्रुपवर रोज काहीतरी येत असेल. अमुक समाजाचे लोक असं करतात, तमुक दुकानातून घेऊ नका, या मुलीपासून सावध. ते खरं मानून फॉरवर्ड करू नका. आणि कोणी प्रत्यक्ष येऊन, चेहरा समोर ठेवून, तुमच्या काळजीने काही सांगत असेल तर त्याला खोटारडा ठरवून हाकलू नका. दाराशी माणूस उभा करा. एवढंच.

शेवट

आजी गेल्या. त्यांची मुलं इस्राएलला असतात, ते घर आता विकलंय. चौकटीवर ती डबी होती तिथे दोन खिळ्यांची भोकं अजून दिसतात. पण दर वर्षी तिश्रीची 3 तारीख जवळ आली की मला तो सरबताचा ग्लास आठवतो. स्वतः तहानलेल्या असताना त्यांनी मला सरबत करून दिलं होतं. जखऱ्या विचारत होता ना, उपवास कोणासाठी केला? त्यांना बहुतेक उत्तर माहीत होतं.

गेल्या वर्षी मी त्या दिवशी त्या मैत्रिणीला मेसेज केला. सरळ लिहिलं, तू बरोबर होतीस, आणि मी तुला खोटं पाडलं ते चुकलं. सात वर्षं उशिरा. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. एक शब्द : "बरं." मला तेवढं पुरलं.

तुमच्याही डोक्यात आत्ता कोणाचं तरी नाव आलं असेल, ज्याचं तुम्ही ऐकलं नाहीत. हा भाग संपला की गाणी लावायच्या आधी त्याला एक मेसेज करा. आणि तुमच्या घरात, गल्लीत कोणी बेने इस्राएल आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या सणांची नावं विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. ती नावं मराठी आहेत, ती आपल्यालाही माहीत असायला हवीत.

चला, भेटू पुढच्या भागात. पाणी पीत राहा, रोजा नसेल तर!